पहिले आठ आठवडे आणि समाजाची जबाबदारी

ग्रहण लागले की महाराष्ट्रातील कितीतरी घरांत गरोदर स्त्रीला आजही अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवले जाते. तिने काही चिरायचे नाही, शिवायचे नाही, अन्नपाणी घ्यायचे नाही. हाती विळी धरली तर मुलाचा ओठ फाटेल, अशी समजूत. आणि मूल खरोखरच दुभंगलेल्या ओठाचे जन्मले, तर कारण शोधायला घरच्यांना दूर जावे लागत नाही. ग्रहणात सुनेनेच काहीतरी केले असणार! अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या छळाविरुद्ध वर्षानुवर्षे प्रचार केला आहे. परंतु या समजुतीमागील सामाजिक व्यवहार अजून पुरेसा तपासला गेलेला नाही. व्यंग घेऊन मूल जन्मले की जाब विचारण्यासाठी समाजाला एक माणूस हवा असतो, आणि तो माणूस नेहमी आईच असते. सुशिक्षित घरांत ग्रहणाची जागा आता सूचनांच्या लांबलचक यादीने घेतली आहे. हे का खाल्लेस, ते औषध का घेतलेस, तपासणीला उशीर का केलास? प्रश्न आधुनिक झाले. आरोपीच्या पिंजऱ्यातील व्यक्ती मात्र बदललेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे २ लाख ४० हजार अर्भके जन्मजात विकारांमुळे आयुष्याच्या पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. गंभीर जन्मजात विकार असलेल्या दर दहा मुलांपैकी नऊ मुले अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात. या दुसऱ्या आकड्यापाशी विचारी कार्यकर्त्याने क्षणभर थांबले पाहिजे. गरीब देशांत मुलेच अधिक जन्मतात, हे त्याचे एक कारण आहे. पण तेवढेच नाही. अपुरे पोषण, लसीकरणाचा अभाव, विषारी कामाची ठिकाणे, अनियंत्रित औषधविक्री आणि वेळेवर न मिळणारी तपासणी यांचा त्यात मोठा वाटा आहे. व्यंगाचे वाटप निसर्ग करतो असे म्हटले, तर निसर्गालाही राष्ट्रीय उत्पन्नाची कोष्टके वाचता येतात असे मानावे लागेल.

कारणांविषयी विज्ञान आज काय सांगते, ते थोडक्यात पाहू. काही विकार गुणसूत्रांतील बदलांमुळे होतात. मातेचे वय ३५ च्या पुढे गेल्यावर डाऊन सिंड्रोमचा संभव वाढत जातो. काही एकेका जनुकातील दोषामुळे होतात, आणि आते-मामे भावंडांतील विवाहांसारख्या जवळच्या नात्यांत, जेथे दोन्ही बाजूंनी एकच सदोष जनुक येण्याची शक्यता अधिक, तेथे त्यांचे प्रमाण वाढते. मातेचा अनियंत्रित मधुमेह, मद्य, अपस्मारावरील काही औषधे, रुबेलासारखे संसर्ग, फॉलिक ॲसिड व आयोडीन यांची कमतरता, पारा आणि शिसे ही धोक्याची सिद्ध झालेली कारणे. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे की निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत नेमके कारण दाखवता येत नाही. तेव्हा प्रत्येक व्यंगामागे एखादा गुन्हेगार असतोच असे मानणे शास्त्रीय ठरणार नाही. पण जी कारणे ठाऊक आहेत, त्यांच्या बाबतीत समाज काय करतो, हा प्रश्न पूर्णपणे राजकीय आहे.

त्याचे मूळ गर्भविज्ञानातच आहे. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात मुलाचे बहुतेक अवयव आकार घेतात. साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. मिटली नाही तर पाठीच्या कण्यात कायमची उघडी जागा राहते, किंवा मेंदूची वाढच होत नाही. हातापायांचे अंकुर त्याच सुमारास फुटतात. आणि या सर्व काळात आईला काय ठाऊक असते? पाळी चुकल्याचे लक्षात येऊन, खात्री होऊन, आशा कार्यकर्तीच्या वहीत नाव लागेपर्यंत ही घडण बव्हंशी पुरी झालेली असते. ज्या दिवसांत धोका सर्वांत मोठा, त्या दिवसांत ज्या स्त्रीने काळजी घ्यावी अशी अपेक्षा, तिला काळजीचे कारणच ठाऊक नसते.

यावरून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. या आठवड्यांतील संरक्षण वैयक्तिक सावधगिरीवर सोडता येत नाही. ते आधीपासून, सर्वांसाठी, न मागता उपलब्ध असावे लागते. मिठात आयोडीन असले पाहिजे, दुकानातले औषध आधीच पारखलेले असले पाहिजे, शेजारच्या मुलाला लस टोचलेली असली पाहिजे, नदीत विष नसले पाहिजे. बाजारपेठेचे तत्त्वज्ञान असे की ग्राहक माहिती घेतो, धोका तोलतो आणि निवड करतो. येथे ग्राहक अजून जन्मलेला नाही, त्याच्या आईला त्याची चाहूल नाही, आणि सौदा मात्र केव्हाच होऊन गेला आहे.

हा सौदा कसा होतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण थॅलिडोमाइडचे. ऑक्टोबर १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीतील ग्र्युनेनथाल या कंपनीने हे झोपेचे औषध कॉन्टरगान या नावाने बाजारात आणले. ते चिठ्ठीशिवाय मिळे, आणि ते अगदी निर्धोक आहे ही त्याची मुख्य जाहिरात होती. सकाळच्या मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. पाहता पाहता ते ४६ देशांत पोचले. हात किंवा पाय नसलेली, खांद्यापासूनच पंजे फुटलेली मुले जन्मू लागली तेव्हा डॉक्टर चक्रावले. नोव्हेंबर १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंत्स यांनी या औषधाकडे बोट दाखवले. ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनीही त्याच सुमारास तेच निदान मांडले. महिनाअखेर जर्मनीत औषध मागे घेतले गेले. जपानमध्ये ते सप्टेंबर १९६२ पर्यंत विकले जात होते. या दहा महिन्यांतील प्रत्येक व्यंग टाळता आले असते. जगभरात सुमारे दहा हजार मुले बाधित झाली, आणि त्यांतील कितीतरी तान्हेपणीच गेली. धोक्याचा काळ होता गर्भधारणेनंतरच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांमधला. एवढ्या अवधीतली एखादी गोळीही पुरेशी ठरे.

याच कथेची दुसरी बाजू अमेरिकेत घडली. सप्टेंबर १९६० मध्ये तेथील औषध प्रशासनाकडे परवानगीचा अर्ज आला, तो फ्रान्सिस केल्सी या नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर. कंपनीने दिलेला पुरावा त्यांना अपुरा वाटला. त्यांनी आणखी माहिती मागितली, कंपनीने तगादा लावला, त्यांनी पुन्हा माहिती मागितली. फायली अडवणारी नोकरशाही म्हणून ज्या कारभाराची टवाळी होते, त्या कारभाराने एका देशातील हजारो मुलांचे हातपाय वाचवले. १९६२ साली तेथे कायदा बदलला, आणि औषध परिणामकारक असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. जर्मनीत १९६८ मध्ये सुरू झालेला फौजदारी खटला १९७० च्या डिसेंबरात शिक्षेविनाच संपला. कंपनीने १० कोटी मार्कांची भरपाई कबूल केली. पीडितांची माफी मागायला तिला २०१२ साल उजाडले. ‘परवाना-राज’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरण्याची फॅशन आहे. कशाचा परवाना रद्द करायचा आणि कशाचा कडक करायचा, याचा विवेक त्या गदारोळात हरवू नये.

दुसरी घटना जपानमधील मिनामाता येथली. चिस्सो ही रासायनिक कंपनी १९३२ पासून १९६८ पर्यंत पारामिश्रित सांडपाणी उपसागरात सोडत होती. मासे हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्या कोळी कुटुंबांत झटके, थरथर आणि अंधत्व यांचा विकार पसरला. १ मे १९५६ रोजी त्याची अधिकृत नोंद झाली. आईच्या शरीरातील विष वार अडवते, अशी तोवर वैद्यकाची समजूत होती. मिनामाताने ती खोटी ठरवली. स्वतःला फारसा त्रास नसलेल्या मातांच्या पोटी मेंदूला इजा झालेली मुले जन्मली. आईच्या अंगातला पारा वारेतून मुलाकडे उतरला होता. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये मांजरावर प्रयोग करून कारखान्याचे सांडपाणीच कारण असल्याचे ताडले होते. कंपनीने तो निष्कर्ष दडपला. १९६८ च्या मे महिन्यात ती उत्पादनपद्धती जुनी झाल्यामुळे कंपनीने बंद केली, आणि त्याच सप्टेंबरात सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. विष सोडण्यातला फायदा संपल्यावर सत्य उच्चारण्यातला धोकाही संपला होता!

विषारी कामाबाबत मालकांचा एक आवडता तोडगा असतो. काम सुरक्षित करण्याऐवजी ते स्त्रीलाच कामावरून दूर करतात. जॉन्सन कंट्रोल्स या अमेरिकेतील बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीने १९८२ मध्ये, मूल होण्याची शक्यता असलेल्या सर्व स्त्रियांना शिशाच्या कामातून वगळण्याचे धोरण आखले. कामगार संघटना न्यायालयात गेली, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. शिसे पुरुषाच्या प्रजननशक्तीलाही अपाय करते, याकडे कंपनीने दुर्लक्ष केले होते. आपल्याकडे २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. प्रसंग वेगळा, पण हिशेब एकाच जातीचा. मजुरीत खंड पडू नये म्हणून स्त्रीच्या शरीराने माघार घ्यायची. कामाच्या अटींनी नव्हे.

विषाइतकाच उणिवेचा प्रश्न गंभीर आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे सिद्ध झाले की, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर मज्जारज्जूचे व्यंग पुन्हा उद्भवण्याचा संभव ७२ टक्क्यांनी घटतो. हे एक स्वस्त जीवनसत्त्व आहे. पालेभाज्यांत आणि कडधान्यांत ते असते. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे केले. ज्या देशात शोध लागला त्या ब्रिटनने हा निर्णय जाहीर केला २०२१ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

भारतात रक्तवाढीच्या गोळ्या गावोगाव वाटल्या जातात, आणि त्यांत फॉलिक ॲसिड असते. परंतु गरोदर स्त्रीला त्या मिळतात नोंदणी झाल्यावर, म्हणजे बहुधा मज्जानलिका मिटण्याचा अठ्ठाविसावा दिवस उलटून गेल्यावर. रक्तक्षयासाठी ती गोळी उपयोगी आहे. या व्यंगासाठी ती उशिरा आलेली मदत आहे. किशोरवयीन मुलींना आणि प्रजननवयातील सर्व स्त्रियांना साप्ताहिक गोळी देण्याची योजना कागदावर आहे. पण शाळा सुटलेली आणि नुकतेच लग्न झालेली तरुणी माहेरच्या यादीतून वगळलेली आणि सासरच्या यादीत न चढलेली असते. आणि तिलाच ती गोळी सर्वाधिक हवी असते. पिठाचा मार्गही आपल्याकडे सरळ नाही. गिरणीतून ज्वारी-बाजरी दळून आणणाऱ्या घरात कारखान्याचे पीठ येत नाही. म्हणून रेशनच्या तांदळाला महत्त्व येते. लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळलेला तांदूळ मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने सरकारी योजनांत आणला गेला. त्या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा अवश्य व्हावी. मात्र रेशनवर डाळ आणि ताटात भाजी हा मूळ उपाय टाळण्यासाठी त्याचा आडोसा होऊ नये.

आयोडीनची कहाणी चळवळीने विशेष लक्षात ठेवावी, कारण तीत आपल्या बाजूच्या लोकांचीही परीक्षा झाली. गर्भकाळात आयोडीन कमी पडले तर मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, कधी ते मूकबधिर जन्मते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाचा गुण सिद्ध केला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९८ मध्ये आयोडीनविरहित खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. २००० साली निवडीच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करून ती उठवण्यात आली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. स्वदेशीवादी आणि गांधीविचारी वर्तुळांतून या बंदीला विरोध झाला होता. लहान मिठागरवाले बुडतील आणि मोठ्या कंपन्या माजतील, ही त्यांची भीती निराधार नव्हती. पण तिचा इलाज लहान उत्पादकांना आयोडीन व यंत्रसामग्री सहकारी पद्धतीने पुरवणे हा होता. ज्या मुलाला अजून तोंडच फुटलेले नाही, त्याच्या मेंदूच्या बदल्यात मोठ्यांचे निवडीचे स्वातंत्र्य जपणे हे समाजवादाचे तर्कशास्त्र होऊ शकत नाही.

लसीच्या बाबतीत अर्धवट बाजार किती घातक ठरतो, हे ग्रीसने दाखवून दिले. गरोदरपणाच्या आरंभी आईला रुबेला झाला तर मुलाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतात, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवले होते. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत अशी सुमारे वीस हजार मुले जन्मली, आणि १९६९ मध्ये तेथे लस आली. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास लस उपलब्ध झाली, पण सर्वांपर्यंत पोचवण्याची योजना नव्हती. ज्यांना जमले त्यांनी टोचून घेतली. निम्म्यापेक्षा कमी मुलांना लस मिळाली. त्यामुळे रोगाचा प्रसार मंदावला, पण थांबला नाही. ज्या मुलींना लहानपणीच तो होऊन गेला असता त्या तो न होताच मोठ्या झाल्या, आणि १९९३ च्या साथीने त्यांना ऐन गरोदरपणात गाठले. काहींनी विकत घेतलेले संरक्षण इतरांचा धोका वाढवून गेले. भारतातही ही लस खाजगी दवाखान्यांत कितीतरी वर्षे मिळत होती. सरकारी मोहीम मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह पाच ठिकाणी आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. मुलग्यांना ही लस कशाला, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. मुलग्याची लस शेजारणीच्या पोटातील मुलासाठी असते, हे त्याचे उत्तर आहे. एकमेकांसाठी जगण्याच्या तत्त्वाचे याहून सोपे उदाहरण सभेत देता येणार नाही.

येथे दोन गोष्टी स्वतःच्या गोटालाही सुनावल्या पाहिजेत. पहिली अशी की, मालकी सार्वजनिक असली म्हणजे विष आपोआप निवळत नाही. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर एंडोसल्फानची हवाई फवारणी दोन दशकांहून अधिक काळ झाली, आणि त्या बागा सरकारी महामंडळाच्या होत्या. कारणसंबंधाबाबत तज्ज्ञांत वाद झाले. तरी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये पीडितांना पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. लोकांना माहितीचा आणि नकाराचा हक्क नसेल, तर नफ्याची वही खाजगी आहे की सरकारी याने पोटातल्या मुलाला फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. व्यंग टाळावे असे म्हणताना व्यंग असलेला माणूस टाळावा असा अर्थ कोणी घेता कामा नये. थॅलिडोमाइडग्रस्त मुले मोठी झाली, संघटित झाली आणि त्यांनी आपल्या हक्कांसाठी लढे दिले. दयेचा विषय होण्याचे त्यांनी नाकारले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आपल्याकडे अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. हा कायदा अमलात आणणे हा प्रतिबंधाच्या कार्यक्रमाचाच दुसरा भाग आहे. जो समाज व्यंग असलेल्या मुलाला शाळेत घेत नाही, त्याला त्याच्या आईला सल्ले देण्याचा अधिकार नाही.

कार्यक्रम काय असावा, हे यातून उघड होते. बालआरोग्य तपासणीची राष्ट्रीय योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाली. जन्मजात व्यंगे लवकर शोधणे हा तिचा पहिला हेतू. प्रत्येक तालुक्यात तपासलेल्या मुलांपैकी कितींची शस्त्रक्रिया खरोखर झाली, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी पंचायत समितीत विचारावा. अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी शहरात पैसे टाकून मिळते. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर विकृती असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपाताची मुभा दिली आहे. पण तपासणीच ग्रामीण रुग्णालयात नसेल, तर तो हक्क पैसेवाल्यांचाच राहतो. नवविवाहितेला लग्ननोंदणीबरोबर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाव्यात. कारखान्यांत आणि शेतांवर कोणते रसायन वापरले जाते, ते मराठीत लिहून लावण्याची सक्ती व्हावी. आणि हे सर्व ज्या आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या पायपिटीवर उभे आहे, त्यांना मानधनाच्या नावाखाली राबवणे थांबवून कामगार म्हणून वेतन मिळावे. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्चाचे लक्ष्य ठरवले होते. ते गाठले गेले नाही, याची आठवण प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी करून द्यावी लागेल.

पुढच्या ग्रहणात एखाद्या घरात सुनेला अंधारात बसवलेले दिसेल, तेव्हा तिला बाहेर आणणाऱ्या कार्यकर्त्याने आणखी एक काम करावे. तिच्या सासूला विचारावे की लग्नानंतर सुनेला रक्तवाढीची गोळी कधी मिळाली, घरातले मीठ कोणते, शेजारच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचली का. उत्तरे मिळणार नाहीत, कदाचित वाद होईल. तरीही जाब कोणाला विचारायचा याची दिशा बदलेल; आणि ती बोट सुनेकडे न दाखवता ग्रामपंचायतीकडे, आरोग्य केंद्राकडे आणि सरकारकडे वळली, तर निम्मे काम झाले असे समजावे.